नगरपरिषदेच्या निर्णयांत आपला शब्द कसा पोहोचवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या नगरपरिषद आणि नगरपंचायत असलेल्या गावांतले लोक प्रभागातल्या बैठकांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. महापालिकेच्या शहरात नियम थोडे वेगळे आहेत. जिथे फरक मोठा आहे तिथे तसे सांगितले आहे. बहुतेक उत्तरांत एकच आग्रह दिसेल: ठराव होण्याआधी पोहोचा. काम झाल्यावर केलेली तक्रार ऐकून घेतली जाते, पण तोवर निर्णय होऊन गेलेला असतो.

मत दिले, नगरसेवक निवडून दिले. आता कारभार त्यांनी पाहायचा, आम्ही कशाला लक्ष घालायचे?

मत देताना आपण माणूस निवडतो. आपल्या गल्लीत काँक्रीट आधी की जलवाहिनी आधी, हे त्या मतपत्रिकेवर लिहिलेले नसते. ते पुढच्या पाच वर्षांत सभागृहात एकेका ठरावाने ठरते.

राज्यातल्या अनेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि पुढची काही वर्षे तिथे प्रशासक होते. म्हणजे सभागृहाचे अधिकार एका अधिकाऱ्याच्या हाती होते. ठराव होत राहिले, पण त्यावर चर्चा करायला कोणी नव्हते. २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका जाहीर होऊन डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले. त्यामुळे बऱ्याच गावांत आज पहिल्यांदाच सभागृहात बसलेले नगरसेवक आहेत. नगराध्यक्षही थेट जनतेतून निवडले गेले आहेत, म्हणजे ते एका प्रभागाला नव्हे, सगळ्या गावाला उत्तर द्यायला बांधलेले आहेत. कारभाराच्या सवयी पहिल्या वर्षात पडतात. लोक विचारायला येतात, हे याच काळात दिसले पाहिजे.

ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा व्हायची. नगरपंचायत झाल्यावर तशी सभा का होत नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची खंत खरी आहे. २०१४ नंतर राज्यातल्या अनेक तालुक्यांच्या गावांत ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. रस्ते रुंद झाले, निधी वाढला, पण ग्रामसभा गेली. ग्रामसभेत प्रत्येक मतदार कायद्यानेच सदस्य असतो आणि उभा राहून सरपंचांना हिशेब विचारू शकतो. शहराच्या कायद्यात इतकी बळकट सभा नाही.

अगदीच काही नाही असेही नाही. राज्याने २००९ मध्ये नागरी कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांच्या परिसराचे एक क्षेत्र, तिथले सगळे मतदार सदस्य आणि नगरसेवक अध्यक्ष, अशी ती कल्पना आहे. परिसरातल्या कामांचा अग्रक्रम सुचवणे, दिवाबत्ती, पाणी, स्वच्छता यांतल्या उणिवा दाखवणे हे तिचे काम. प्रत्यक्षात ती फार थोड्या ठिकाणी भरते. लोक मागत नाहीत आणि नगरसेवकांना आठवण करून देणारे कोणी नसते, हे त्याचे एक मोठे कारण आहे.

म्हणून लेखी मागा. नगरसेवकांच्या नावे अर्ज, प्रत मुख्याधिकाऱ्यांना. सभा बोलावली गेली नाही तर प्रभागातल्या लोकांनी स्वतः देवळाच्या ओट्यावर किंवा शाळेच्या पटांगणात बसून चर्चा करावी, उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात आणि झालेली चर्चा लिहून नगरपरिषदेत द्यावी. कायद्याने ती बंधनकारक नाही. पण शंभर सह्यांचा कागद आवक विभागात नोंदला गेला की सभागृहात त्याचा उल्लेख होतोच.

तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या राज्यघटनेनेच सांगितल्या आहेत. महापालिकेच्या प्रभाग समितीत स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेता येतात. तुमच्या शहरात ते नेमले आहेत का, एवढे जरी विचारलेत तरी पुष्कळ हालचाल होते.

सर्वसाधारण सभेला सामान्य माणूस जाऊन बसू शकतो का?

बसू शकतो. नगरपरिषदेची सभा लोकांसाठी खुली असते. पीठासीन अधिकाऱ्यांनी एखादा विषय बंद दाराआड घेण्याचे ठरवले तरच अपवाद. मात्र प्रेक्षकाला बोलता येत नाही. पहिल्यांदा गेलेला माणूस त्यामुळे हिरमुसतो आणि पुन्हा जात नाही. असे करू नका. चारपाच लोक शांतपणे बसून ऐकत आहेत, टिपणे घेत आहेत, एवढ्यानेसुद्धा सभागृहातल्या बोलण्याचा सूर बदलतो.

खरे काम सभेच्या आधी असते. सभेची नोटीस आणि विषयपत्रिका सदस्यांना काही दिवस आधी मिळते. ती नगरसेवकांकडून मागून घ्या आणि वाचा. भाषा सरकारी असते, पण थोड्या सरावाने समजते. ‘प्रशासकीय मान्यता देणे’ असे लिहिले असेल तर कामात बदल सुचवायला अजून वाव आहे. ‘प्राप्त निविदेतील दरास मंजुरी देणे’ असे असेल तर कामाचे स्वरूप ठरून गेले आहे, आता फक्त कोण करणार हे ठरायचे आहे. आणि शेवटी एक ओळ असते: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. त्या ओळीवर नजर ठेवा. तातडीचे म्हणून जे आणले जाते त्याची कल्पना आधी कोणालाच नसते, नगरसेवकांनाही नसते. ऐनवेळी कोणते विषय घेतले गेले, हे सभेनंतर इतिवृत्तात, म्हणजे कामकाजाच्या लेखी नोंदीत, जरूर पाहा.

तुमच्या भागाचा विषय असेल तर सभेच्या दोनतीन दिवस आधी नगरसेवकांना अर्ध्या पानाचे टिपण द्या. तोंडी सांगितलेले सभागृहाच्या गडबडीत विसरले जाते. हातात कागद असला की तो वाचला जातो.

एखादे काम नेमके ठरते कसे, आणि आपण कधी बोलायचे?

गटाराचे उदाहरण घेऊ. आधी कोणीतरी मागणी करते. मग नगरपरिषदेचा अभियंता जागेवर येऊन मोजमाप घेतो आणि कामाचे अंदाजपत्रक तयार करतो. त्याला तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता मिळते. मग निविदा, ठेकेदाराला कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तकात नोंद आणि शेवटी देयक, म्हणजे ठेकेदाराचे बिल.

लोक बहुतेक वेळा खोदाई सुरू झाल्यावर जमतात. तेव्हा ठेकेदार म्हणतो, मला जे अंदाजपत्रकात दिले आहे ते मी करतो. त्याचे खरे असते. गटार उघडे ठेवायचे की बंदिस्त, पाण्याचा उतार कोणत्या बाजूला, वळणावरच्या घरांचे सांडपाणी त्यात कसे येणार, हे सगळे अभियंत्याच्या पाहणीच्या दिवशी ठरून गेलेले असते. पावसाळ्यात पाणी कुठे तुंबते हे त्या अभियंत्याला माहीत नसते, कारण तो उन्हाळ्यात आलेला असतो. ते तिथे वीस वर्षे राहणाऱ्या आजींना माहीत असते. त्या आजींना पाहणीच्या वेळी जागेवर उभे करणे, हा माझ्या मते नागरिकांच्या सहभागाचा सर्वांत उपयोगी प्रकार आहे. त्यासाठी कोणत्याही कायद्याची गरज नाही. ‘पाहणीची तारीख आम्हाला कळवावी’ एवढी विनंती बांधकाम विभागाला लेखी द्यावी लागते.

दुसरी वेळ देयकाच्या आधीची. काम सुरू झाले की अंदाजपत्रकाची प्रत मागा. रस्त्याची रुंदी, थराची जाडी, लांबी त्यात लिहिलेली असते, आणि टेप लावून ती कोणालाही मोजता येते. दोषदायित्व कालावधी किती आहे हेही टिपून ठेवा. त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. ही मुदत कोणाच्या लक्षात नसल्याने तोच रस्ता पुन्हा आपल्याच पैशांतून होतो, आणि हे पाहून फार वाईट वाटते.

अर्थसंकल्पात आमच्या सूचना घेतात का?

घेतल्या जाव्यात म्हणून वेळेवर द्याव्या लागतात. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि नगरपरिषदेचा अर्थसंकल्प त्याआधी विशेष सभेत मंजूर होतो. फेब्रुवारीत सूचना घेऊन जाणाऱ्याला जागा उरलेली नसते, कारण विभागांकडून मागण्या हिवाळ्यातच गोळा होतात. दिवाळी झाली की बसा आणि यादी करा.

पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अर्ज मागवून प्रभागातली छोटी कामे अर्थसंकल्पात घेण्याची पद्धत सुरू केली. पदपथ, बसथांब्याचे शेड, बाकडी, दिवे अशी साधारण पाच लाखांपर्यंतची कामे लोक सुचवतात. जगात ही कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहराने १९८९ मध्ये रुजवली. पुण्याच्या पद्धतीतही त्रुटी आहेत. अर्ज थोडे येतात, सुचवलेले काम झाले की नाही ते अर्जदाराला कळत नाही. तरीही ही वाट छोट्या नगरपरिषदेला सहज जमण्यासारखी आहे. पंचवीस हजार वस्तीच्या गावात प्रत्येक प्रभागासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवून ‘तुम्हीच काम सांगा’ म्हणायला साधा ठराव पुरतो.

सूचना देताना दहा कामांची यादी देऊ नका. दोन द्या, क्रम लावून द्या.

‘निधी नाही’ असे उत्तर मिळते. पुढे काय?

कोणत्या लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्यात नाही, ते विचारा. नगरपरिषदेचा पैसा एकाच पेटीत नसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात दहा लाखांहून लहान शहरांना मिळालेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पिण्याचे पाणी, स्वच्छता आणि घनकचरा यांसाठीच राखलेला होता. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि ५ टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवायचे असतात. दिव्यांगांचा निधी अनेक ठिकाणी वर्षअखेरीपर्यंत पडून राहतो, कारण मागणारे कोणी येत नाही. दवाखान्याला उतार, सार्वजनिक शौचालयात आधाराची दांडी, अशी मागणी ‘दिव्यांग कल्याण निधीतून’ असे लिहून केली तर ‘निधी नाही’ म्हणणे अवघड जाते.

शहराचा विकास आराखडा जाहीर झाला आहे. नकाशा पाहून काही कळत नाही. काय करावे?

हा विषय टाळू नका. गटार चुकले तर पाच वर्षांनी दुरुस्त होते, आराखडा वीस वर्षे डोक्यावर बसतो. शाळा, मैदान, दवाखाना, भाजी मंडई, रस्त्याची रुंदी, सगळे त्यात असते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप (कच्चा) आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात. मुदत सूचनेत दिलेली असते, साधारण ३० दिवस. नकाशा नगरपरिषदेत लावलेला असतो. तिथे आपल्या घराचा किंवा गल्लीचा सर्व्हे क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक घेऊन जा, नगररचना विभागातल्या माणसाला तो दाखवायला सांगा आणि त्याच्या आसपासचे रंग व आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) क्रमांक वहीत उतरवा. हरकत लेखी द्या आणि सुनावणीला स्वतः हजर राहा. सुनावणी नियोजन समितीसमोर होते. त्या समितीत सभागृहाचे सदस्य आणि बाहेरचे तज्ज्ञ असतात. नुसती हरकत टाकून घरी बसलेल्यापेक्षा समोर येऊन ‘या रस्त्याने शाळेचे मैदान दुभंगते’ असे नकाशावर बोट ठेवून दाखवणाऱ्याचे म्हणणे जास्त पटते.

लोकांच्या बोलण्याने काय होते, याचे मोठे उदाहरण मुंबईचे आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या प्रारूप आराखड्यात इतक्या चुका निघाल्या आणि इतक्या प्रमाणावर हरकती आल्या की एप्रिल २०१५ मध्ये तो नव्याने करण्याचा आदेश राज्य सरकारला द्यावा लागला. सुधारित आराखडा २०१६ मध्ये आला.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आराखड्यात मैदानाचे आरक्षण पडले म्हणून मैदान मिळाले असे होत नाही. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत म्हणजे रद्द होते. गावोगावची कितीतरी मैदाने आणि बागा अशा निमूटपणे गेल्या. तुमच्या प्रभागातल्या आरक्षणांची यादी करा आणि कोणत्या जागेवर खरेदी सूचना आली आहे ते दरवर्षी विचारा.

घरपट्टी एकदम वाढल्याची नोटीस आली.

नगरपरिषद दर चार वर्षांनी मालमत्तांची फेरआकारणी करते. आकारणी यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकत घ्यायला मुदत असते. नोटिशीवर ती लिहिलेली असते. मुदत चुकवू नका. मोजमापात चूक आहे का, घर राहते असताना ‘वाणिज्य’ लावले आहे का, बांधकामाचा प्रकार आणि वय बरोबर आहे का, हे तपासा. ‘वाढ अन्यायकारक आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘क्षेत्रफळ अमुक दाखवले आहे, प्रत्यक्षात तमुक आहे’ असे लिहा आणि सोबत कागद जोडा.

रस्त्याकडेची जुनी झाडे तोडणार असे ऐकतो.

शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. तोडीच्या प्रस्तावाची जाहीर सूचना वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि झाडावरही लावावी लागते. हरकतीला दिवस थोडे असतात, म्हणून सूचना दिसली की त्याच दिवशी तिचा फोटो काढा आणि हरकत द्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून जास्त संरक्षण आहे.

कागदपत्रे बघायला मिळतात का? नेहमी माहिती अधिकारच टाकावा लागतो का?

आधी सोमवार वापरा. राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हा पातळीवरची कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. जाताना त्या निर्णयाची प्रत सोबत ठेवा, कारण काही कार्यालयांत नवीन माणसाला हे ठाऊक नसते. भांडू नका, प्रत दाखवा. इतिवृत्त, अंदाजपत्रक, देयके समोर बसून पाहिली की नेमका कोणता कागद हवा ते कळते.

त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तो १५० शब्दांत. उत्तर ३० दिवसांत. न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, आणि त्यानंतर ९० दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे. ‘का’ असे विचारू नका, कागद मागा. ‘रस्ता खराब का झाला’ याला उत्तर मिळत नाही. ‘अमुक रस्त्याच्या मोजमाप पुस्तकाची साक्षांकित प्रत’ याला मिळते.

नगरपरिषदेने उघड चुकीचा ठराव केला तर?

१९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातले कलम ३०८ लक्षात ठेवा. बेकायदा, लोकांना त्रासदायक किंवा पैशाचा अपव्यय करणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार या कलमाने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. ठरावाची प्रत, आक्षेपाची कारणे आणि पुरावे जोडून अर्ज करा. ठराव पटला नाही म्हणून हा मार्ग वापरू नये. कोणता नियम मोडला ते सांगता आले पाहिजे.

लोकशाही दिन आणि ‘आपले सरकार’ यांचा उपयोग होतो का?

होतो, वैयक्तिक अडल्या कामासाठी. लोकशाही दिनाला अधिकारी समोरासमोर तक्रारी ऐकतात, ‘आपले सरकार’ हे राज्याचे तक्रारी व सेवांचे संकेतस्थळ आहे. जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त यांचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. दाखला किंवा नळजोडणी मुदतीत मिळाली नाही तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. प्रभागाचे धोरण ठरवायला मात्र ही ठिकाणे नाहीत.

नाव पुढे आले तर त्रास होईल अशी भीती वाटते.

लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात. दुकानाचा परवाना, बांधकामाची परवानगी, नळाची दुरुस्ती, सगळे त्याच इमारतीतून येते. त्यामुळे या भीतीला नावे ठेवू नयेत. एकट्याने सही करू नका. गृहनिर्माण संस्था, महिला बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा गणेश मंडळ यांच्या पत्रावर अर्ज द्या. कोणा व्यक्तीबद्दल लिहू नका, कामाबद्दल लिहा. आणि चांगले काम झाले तेव्हाही तितक्याच तत्परतेने पत्र द्या. अभियंता आणि आरोग्य निरीक्षक हीसुद्धा कौतुकाला भुकेली माणसे आहेत.

बैठकांना बायका येत नाहीत. आल्या तरी बोलत नाहीत.

बैठक केव्हा ठेवता ते आधी पाहा. संध्याकाळी सातला ठेवलीत तर स्वयंपाक कोण करणार? दुपारी तीनला, अंगणवाडीत किंवा कोणाच्या घरी ठेवा. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तेव्हा तुमच्या प्रभागात बहुधा एक नगरसेविका असतीलच. त्यांनाच बोलवा, आणि प्रश्न त्यांनाच विचारा. त्यांच्या ऐवजी पती किंवा दीर उत्तर देऊ लागले तर नम्रपणे पुन्हा ताईंकडे वळा. पाणी कितीला येते, किती वेळ टिकते, सार्वजनिक शौचालयाचा दिवा कधीपासून बंद आहे, याची अचूक माहिती बायकांकडेच असते. ती इतिवृत्तात त्यांच्या नावाने लिहा.

मी भाड्याने राहतो, माझे नाव इथल्या मतदारयादीत नाही.

क्षेत्रसभा मतदारांची असते. बाकी बहुतेक वाटा तुम्हाला खुल्या आहेत. सभा ऐकता येते, आराखड्यावर सूचना देता येते, अर्थसंकल्पासाठी मागणी करता येते. माहितीचा अधिकार तर देशाच्या प्रत्येक नागरिकाला आहे. आणि पाण्याचा, कचऱ्याचा त्रास भाडेकरूला मालकाहून कमी होत नाही. शक्य असेल तर मतदारयादीत नाव या पत्त्यावर घ्या.

अर्ज कसा लिहायचा? नमुना मिळेल का?

साध्या कागदावर, एका पानात. दोन प्रती घेऊन जा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असे समजा. नमुना असा:

‘प्रति, मा. मुख्याधिकारी, … नगरपरिषद. विषय: प्रभाग क्र. … मधील … रस्त्यालगतच्या गटाराच्या पाहणीबाबत. महोदय/महोदया, वरील ठिकाणी पावसाळ्यात … ते … या घरांसमोर पाणी साचते. फोटो व ठिकाणाचा हस्तनकाशा सोबत जोडला आहे. या कामाचे अंदाजपत्रक करण्यापूर्वी होणाऱ्या पाहणीची तारीख व वेळ आम्हाला किमान तीन दिवस आधी कळवावी, म्हणजे रहिवासी जागेवर हजर राहून माहिती देतील. हे काम पुढील वर्षाच्या अर्थसंकल्पात घेण्याचा प्रस्ताव सभेपुढे ठेवावा, ही विनंती. संपर्कासाठी एका व्यक्तीचे नाव व दूरध्वनी. प्रभागातील रहिवाशांच्या सह्या. प्रत: मा. नगराध्यक्ष, प्रभागातील नगरसेवक.’

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्या.